प्रामाणिक रिव्ह्यू पुरेसा नाही

"मला जे वाटलं ते मी प्रामाणिकपणे लिहिलं." ऑनलाइन रिव्ह्यूच्या समर्थनार्थ याहून जास्त काही सांगायची गरज आपल्याकडे कुणाला वाटत नाही. पैसे मी मोजले, अनुभव माझा, मत माझं. खोटं लिहिलं नाही म्हणजे झालं. हॉटेल, सलून, गॅरेज, दवाखाना, क्लास, पिठाची गिरणी, कशाबद्दलही लिहिताना हीच भूमिका असते, आणि ती इतकी रास्त वाटते की तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. मला ती उथळ वाटते. खोटं न लिहिणं ही रिव्ह्यूची पहिली अट झाली. तिथे काम संपत नाही. पूर्ण प्रामाणिक माणूस पूर्ण अन्यायाचा रिव्ह्यू लिहू शकतो, आणि असे रिव्ह्यू रोज लिहिले जातात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: स्थानिक धंद्याबद्दलचा रिव्ह्यू ही साक्ष असते, निकाल नव्हे. साक्षीदाराने काय पाहिलं, कधी पाहिलं, किती पाहिलं आणि कशाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, एवढं सांगायचं असतं. निकाल काढण्याचं काम वाचणाऱ्याचं. आपण नेमकं उलट करतो. पाहिलेलं गाळतो आणि निकाल तेवढा देतो. "बकवास", "थर्ड क्लास", "एकदम भारी", "एकदा तरी जायलाच हवं" हे सगळे निकालच आहेत. ते मनापासून लिहिलेले असले तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला उत्तर द्यायला जागा उरत नाही.

१. वाचणारा परका असतो

रिव्ह्यू लिहिताना डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मालक असतो. राग आला असेल तर त्याला धडा शिकवायचा असतो, खूश झालो असू तर त्याचं भलं करायचं असतं. पण मालकाला काही सांगायचं तर ते गल्ल्यापाशी उभं राहून सांगता येतं, आणि आधी तिथेच सांगावं. रिव्ह्यू वाचणारा असतो तिसराच कुणीतरी: शिकायला शहरात आलेला मुलगा, आईसाठी फिजिओथेरपिस्ट शोधणारी मुलगी, बदली होऊन आलेलं कुटुंब. तुमचं आणि मालकाचं काय झालं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आपल्या गरजेला ही जागा चालेल का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

बाजारात सगळ्यात दुबळा असतो तो हाच माणूस. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हा दुबळेपणा उलगडून दाखवला. मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. ही तफावत मोठी असली की चांगल्या मालाला चांगली किंमत द्यायला कुणी धजावत नाही, आणि चांगला माल विकणाराच बाजारातून उठतो. बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणींचा उल्लेखही त्या निबंधात आहे. अकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. खडे निवडणं आपल्याकडे चालूच आहे. ही तफावत कमी करणं हेच रिव्ह्यूचं खरं काम.

पूर्वी हे काम आळी आणि चाळ करत असे. तिथे एक सोय होती जी मोबाइलवर नाही: बोलणारा कसा आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. शेजारच्या काकूंना कुठल्याही शिंप्याने शिवलेला ब्लाउज खांद्यात सैलच वाटतो हे साऱ्या चाळीला माहीत, त्यामुळे त्यांच्या तक्रारीतून तेवढी वजावट आपोआप होई. ऑनलाइन वाचणाऱ्याला तुमची आवडनिवड, तुमचा स्वभाव, तुम्ही तिथे एकदा गेलात की दहा वर्षं जाताय, यातलं काहीच माहीत नसतं. वजावट करता यावी एवढा मजकूर तुम्हीच त्याच्या हाती द्यावा लागतो. नुसतं "मला वाटलं" म्हणून भागत नाही ते यामुळे.

२. एका स्टारचं वजन सगळीकडे सारखं नसतं

गल्लीतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला आठ रिव्ह्यू आहेत, सरासरी साडेचार, असं धरा. तुम्ही एक स्टार दिलात की सरासरी ४.१ वर येते. हाच एक स्टार दोन हजार रिव्ह्यू आणि साडेचार सरासरी असलेल्या मोठ्या रेस्टॉरंटला दिलात तर तिथला आकडा ४.५ च दिसत राहतो. फरक शोधायला तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जावं लागेल. सायकलवाल्याला पुन्हा पुरते साडेचार गाठायचे तर ओळीने सात जणांनी पाच-पाच स्टार द्यायला हवेत. कुणी चार दिले तर त्याची चढण आणखी लांबते. म्हणजे त्याच्याबाबतीत "चांगलं आहे" म्हणणारा माणूसही सरासरी खालीच खेचतो.

हे नुसतं पाटीवरचं गणित नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचे येल्पवरचे स्टार आणि सरकारी महसूल खात्याकडची त्यांची उलाढाल ताडून पाहिली. एका स्टारच्या वाढीमागे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. त्यातही खरी गोम पुढे आहे: हा परिणाम स्वतंत्र मालकीच्या रेस्टॉरंटांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नव्हता. साखळीचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं, तिथे रिव्ह्यू वाचून कुणी ठरवत नाही. रिव्ह्यूचा मार बसतो तो ज्याच्याकडे नाव नाही, जाहिरात नाही, त्याला. मोठ्यांची खोड मोडल्याच्या समाधानात आपण ज्याला ठोकत असतो तो बहुतेक वेळा छोटाच असतो.

आणि या परीक्षेला तो स्वतःहून बसलेलाही नसतो. गूगल मॅपवर एखादी जागा कुणीही नोंदवू शकतं. त्यासाठी मालकाने काही करावं लागत नाही. आपल्या गिरणीचं पान तिथे आहे, त्यावर कुणीतरी चुकीच्या वेळा टाकल्यात आणि त्या वेळांवर विसंबून आलेल्या माणसाने "कायम बंद असतं" म्हणून एक स्टार दिलाय, हे त्या गिरणीवाल्याच्या गावीही नसतं. गोव्यात दुपारी दुकानं बंद दिसली म्हणून चिडलेल्या पर्यटकांचे रिव्ह्यू वाचा. पुण्याच्या दुपारच्या झोपेबद्दल तर विनोद करून लोक दमले, तरी स्टार कापणं थांबलेलं नाही.

३. कुणाच्या पट्टीने मोजायचं?

न्याय्य रिव्ह्यूचा सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि नेमका यावरच कुणी विचार करत नाही. मोजायची पट्टी माझ्या अपेक्षेची घ्यायची की त्या धंद्याने कबूल केलेल्या गोष्टींची? माझं उत्तर दुसरं आहे. फलकावर, दरपत्रकावर, फोनवर किंवा तोंडी जे सांगितलं ते दिलं का, हा पहिला प्रश्न. माझ्या मनातलं मिळालं का, हा नंतरचा. आणि तो विचारताना माझ्या मनात काय होतं ते लिहायला हवं.

मिसळीचंच घ्या. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मिसळीत पोहे असतात, कोल्हापुरात कटाचा मान मोठा आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस, नाशकात मिसळीबरोबर पापड आणि दही येतं. पुण्याचा माणूस कोल्हापुरात जाऊन "पोहे नाहीत, नुसता कट" म्हणून दोन स्टार देतो, तेव्हा त्याने मिसळ मोजलेली नसते, स्वतःची सवय मोजलेली असते. तो खोटं बोलत नाही. पोहे खरंच नव्हते.

मालवणचं उदाहरण याहून बोलकं आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा काळ असतो. जुलैत तिथे गेलेला माणूस "ताजी सुरमई मिळाली नाही, मेनूत आहे पण देत नाहीत" असा रिव्ह्यू लिहितो. खरं तर "आज सुरमई नाही" म्हणून सांगणारा खानावळवाला तिथे सचोटीने वागत असतो. लबाड असता तर बर्फातला मासा ताजा म्हणून खपवला असता आणि पाच स्टार घेतले असते.

तिसरं उदाहरण पिठाच्या गिरणीचं. जात्यात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतं; म्हणून जाणती बाई डबा ठेवताना "आधी काय दळलंय?" विचारते आणि गव्हामागे गहू लावायला सांगते. उपवासाचं दळण गिरणीवाला बहुधा वेगळं काढतो. ही रीत ठाऊक नसलेल्या नव्या गिऱ्हाइकाने "पिठात भेसळ" असं लिहिलं, तर त्याने आपलं अज्ञान त्या माणसाच्या नावावर जमा केलं. 'ज्वारीमागे माझा गहू दळला, मी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नाही' असं लिहिलं असतं तर तीच घटना खरी उतरली असती. शिवाय पुढच्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं तेही कळलं असतं.

कायद्याच्या बाबतीत तर आपण फारच बेफिकीर असतो. रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे लावले की "बेकायदा लूट" असा रिव्ह्यू हमखास येतो. किराणा दुकानदाराने तसं केलं तर तक्रार रास्त आहे. पण हॉटेल-रेस्टॉरंटांना ते बंधन नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला, कारण तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही दिली जाते. किंमत जास्त वाटली तर तसं खुशाल लिहा, बेकायदा म्हणू नका. याउलट बिलात सेवाशुल्क सक्तीने लावलं असेल तर ते ठणकावून लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. लोक बाटलीवर चिडतात आणि सेवाशुल्क मुकाट भरतात, हा आपला नेहमीचा शिरस्ता.

४. एकच रिव्ह्यू, दोनदा लिहिलेला

एवढा वेळ तत्त्वाचं बोललो. आता एक नमुना हातात घेऊ. असे शेकडो रिव्ह्यू कुणीही कधीही वाचलेले असतात:

"मिसळ बेकार. सर्व्हिस थर्ड क्लास. मालक उद्धट. पैसे वाया. कुणीही जाऊ नका." एक स्टार.

हाच अनुभव साक्षीच्या रीतीने लिहिला तर असा दिसेल:

"रविवारी सकाळी साडेदहाला चौघं गेलो. नाव लिहून पाऊण तास थांबलो. किती वेळ लागेल ते आधी सांगितलं नाही. टेबल मिळाल्यावर मिसळ लगेच आली. रस्सा कोमट होता, सांगितल्यावर गरम करून दिला. फरसाण ताजं होतं. जास्तीच्या रश्श्याचे वेगळे पैसे लावले. दरपत्रकात तसं लिहिलेलं नाही. विचारल्यावर गल्ल्यावरून 'सगळीकडे असंच असतं' एवढंच उत्तर मिळालं. मला तिखट जास्त वाटलं, पण मी मुळात तिखट कमी खातो. पहिल्यांदाच गेलो होतो." दोन स्टार.

दुसरा रिव्ह्यू मवाळ नाही. माझ्या मते तो पहिल्याहून जास्त बोचरा आहे. "मालक उद्धट" याला मालक सहज उडवून लावेल. "दरपत्रकात लिहिलेलं नाही" याला त्याच्याकडे उत्तर नाही. एक तर दरपत्रक बदला, नाही तर पैसे घेणं थांबवा. वाचणाऱ्याचाही फायदा होतो. मंगळवारी दुपारी जाणाऱ्याला कळतं की पाऊण तासाची गोष्ट आपल्याला बहुधा लागू नाही. तिखट आवडणाऱ्याला कळतं की ही तक्रार आपल्यासाठी शिफारसच आहे. जास्तीचा रस्सा लागतो त्याला आधी विचारून घेता येतं. एकाच मजकुरातून तिघांनी तीन वेगळे निकाल काढले, आणि तिन्ही बरोबर.

"पहिल्यांदाच गेलो होतो" हे शेवटचं वाक्य लोक टाळतात, कारण त्याने आपली बाजू लंगडी पडेल असं वाटतं. पडते खरी. एका भेटीवरून जेवढी बाजू उभी राहू शकते तेवढीच ती आहे, आणि वाचणाऱ्याला तेवढीच दिसायला हवी. दोन वर्षांनी स्वयंपाकी बदलला, मालक बदलला, तरी तुमचा रिव्ह्यू तिथेच असतो. तो बदलायची सोय गूगलने दिलेली आहे. पुन्हा जाऊन बघितलंत तर ती वापरा.

५. ज्यांना उत्तर देता येत नाही

साक्षीला उलटतपासणी असते. रिव्ह्यूला ती जवळजवळ नसते, म्हणून साक्षीदारावरची जबाबदारी वाढते. काही जणांना तर उत्तर देण्याचीच चोरी असते. डॉक्टर हे त्यातलं ठळक उदाहरण. "चुकीचं औषध दिलं" असा रिव्ह्यू आला तरी रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याच्या बंधनामुळे त्यांना खरी हकीकत जाहीर सांगता येत नाही. तिथे उपचाराच्या बऱ्यावाईटावर शेरा मारण्याआधी आपल्याला त्यातलं कितपत कळतं ते तपासावं. किती वेळ बसवलं, फी आधी सांगितली का, नीट ऐकून घेतलं का, हे आपण पाहिलेलं असतं; तेवढं निःशंक लिहावं.

दुसरा असा माणूस म्हणजे कामगार. "काउंटरवरचा तो चश्मेवाला मुलगा" असं ओळख पटेल इतकं लिहिलं की मालक तुमची माफी मागून मोकळा होतो आणि पोराची नोकरी जाते. रविवारच्या गर्दीत चार माणसांचं काम दोघांकडून करून घेणारा मालक मात्र नामानिराळा. उशीर, गोंधळ, तुटक बोलणं हे बहुतेक वेळा व्यवस्थेचं अपयश असतं. तक्रार व्यवस्थेच्या नावाने लिहा. चांगलं काम केलेल्याचं नाव मात्र जरूर लिहा, तिथे आपण उगाच संकोच करतो.

६. गोड लिहिणंही निर्दोष नाही

आतापर्यंत वाईट रिव्ह्यूंबद्दल बोललो म्हणून चांगले रिव्ह्यू निष्पाप ठरत नाहीत. मित्राने कॅफे काढला की उद्घाटनाच्या संध्याकाळी तीस-चाळीस जण आहेर केल्यासारखे पाच-पाच स्टार देऊन येतात. कॉफी अजून कुणी प्यायलेली नसते. समोरच्या बाजूला दहा वर्षं नीट चालवलेलं, पंधरा रिव्ह्यूंचं साधं हॉटेल असतं, ते एका रात्रीत मागे पडतं. हा अन्याय कुणाच्या मनातही येत नाही, कारण सगळं प्रेमापोटी झालेलं असतं.

प्रेमाच्या पुढे धंदा आहे. "रिव्ह्यू दाखवा, बिलात दहा टक्के सूट" अशा पाट्या टेबलावर असतात. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, तरी त्या असतात. "घरबसल्या कमाई, हॉटेलांना रिव्ह्यू द्या" असे संदेश व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर येतात, सुरुवातीला थोडे पैसे खरंच मिळतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावून लुबाडलं जातं; या फसवणुकीबद्दल पोलीस वारंवार सावध करत असतात. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने तर आपल्या अंगणातल्या खोपटाला रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं आणि निव्वळ बनावट रिव्ह्यूंच्या जोरावर ते ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तिथे कधी स्वयंपाकच होत नव्हता.

सरकारांना हे उशिरा का होईना दिसलं. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत, प्रसिद्ध करावेत, हे त्यात आहे आणि विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना त्यात थारा नाही. पण सुरुवातीपासून ते ऐच्छिक राहिलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ पासून बनावट आणि विकतच्या रिव्ह्यूंवर दंडाची तरतूद असलेला नियमच लागू केला. नियम खोट्या रिव्ह्यूला धरू शकतो. खऱ्या पण अन्यायाच्या रिव्ह्यूला कुठलाच नियम धरू शकत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची.

७. आक्षेप

सगळ्यात वजनदार आक्षेप असा: एकेका रिव्ह्यूचं एवढं काय घेऊन बसलात? शेकडो लोक लिहितात, रागावलेले आणि हरखलेले एकमेकांना कापतात, सरासरी बरोबर येते. हे खरं ठरायला तीन गोष्टी लागतात: लिहिणारे पुष्कळ हवेत, सर्व तऱ्हेचे हवेत आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायला हवं. पहिली अट छोट्या धंद्याला लागूच होत नाही, ते वर पाहिलं. दुसरीबद्दल हू, झँग आणि पावलू या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वस्तूंच्या ऑनलाइन रिव्ह्यूंचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा असतो: पाच स्टारांचा ढीग, एक स्टारचा छोटा उंचवटा आणि मधे खड्डा. "ठीक आहे" वाटलेला माणूस लिहीतच नाही. धंद्यांच्या पानांवर वेगळं चित्र दिसतं असं मला तरी वाटत नाही.

तिसरी अट सगळ्यात नाजूक. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, गुणवत्ता न बघता, एकेक अनुकूल मत देऊन ठेवलं. त्या एका मताने अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. पहिल्याच्या मागे बाकीचे गेले. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढच्या लोकांनी बराचसा भरून काढला. म्हणजे आहेराचे पाच स्टार टिकतात. आणि जमाव एकदा भडकला की स्वतंत्र विचार कुठे जातो ते एप्रिल २०१७ मध्ये दिसलं: स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी आली आणि संतापलेल्या कित्येकांनी स्नॅपडील या भारतीय कंपनीच्या अ‍ॅपला एक-एक स्टार दिला. नावाचा पूर्वार्ध सारखा होता, तेवढं पुरलं.

दुसरा आक्षेप: एवढं सगळं लिहायला वेळ कुणाला आहे? नसेल तर लिहू नका. रिव्ह्यू लिहिणं हे काही मतदान नाही. शब्दाशिवाय टाकलेला एक स्टार हा मात्र सर्वांत वाईट प्रकार. त्यात आरोप आहे आणि आरोप कशाचा ते नाही.

तिसरा: अशा तोलून-मापून लिहिण्याने लबाडांचं फावेल. वरच्या मिसळीच्या नमुन्यात याचं अर्धं उत्तर आलं आहे. उरलेलं अर्धं असं की खरी फसवणूक झाली असेल तर रिव्ह्यू ही जागाच अपुरी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांच्या तक्रारीला शुल्क नाही. वजनमापात गडबड असेल तर वैधमापन शास्त्र विभाग, अन्नाबाबत अन्न व औषध प्रशासन. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७० च्या दशकात उभी राहिली ती चडफडून नव्हे, संघटित होऊन आणि पावत्या जपून. पावती फाडून टाकायची आणि एक स्टार देऊन सूड घेतल्याचं समाधान मानायचं, याला मी ग्राहक जागृती म्हणणार नाही.

अन्नाच्या बाबतीत एक सावधगिरी लागते. उलट्या-जुलाब झाले की शेवटचं जिथे खाल्लं त्या हॉटेलचं नाव घेतलं जातं. साल्मोनेलासारख्या जंतूंची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. दोषी कदाचित परवाचं लग्नाचं जेवण असेल. "तिथे जेवलो, रात्री त्रास झाला, चौघांपैकी तिघांना झाला" हे लिहा. चौघांपैकी एकट्या तुम्हालाच झाला असेल तर तेही लिहा.

चौथा आक्षेप भीतीचा: खरं लिहिलं तर मालक बदनामीचा खटला भरेल. १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे आणि जुन्या दंड संहितेतले अपवाद त्यातही आहेत: सार्वजनिक हिताचं सत्य, स्वतःच्या किंवा इतरांच्या हितासाठी सद्भावनेने केलेलं विधान. इथेही साक्षीची रीतच उपयोगी पडते. "बाराशे रुपये सांगून अठराशे घेतले, पावती दिली नाही" हे सिद्ध करता येण्याजोगं वाक्य आहे. "चोर आहेत" हे नाही.

८. कुणाच्या भाषेत?

शेवटचा मुद्दा छोटा, पण माझ्या दृष्टीने जिव्हाळ्याचा. सदाशिव पेठेतली खानावळ किंवा साताऱ्यातलं गॅरेज मराठी माणसाचं, गिऱ्हाईक मराठी, भांडण झालं तेही मराठीत. रिव्ह्यू मात्र इंग्रजीत. बाहेरच्यांना वाचता यावं म्हणून, असं कारण दिलं जातं. पण खानावळ चालवणाऱ्या बाईंना तो वाचता येत नाही. मुलगा किंवा भाचा वाचून दाखवेल तेव्हा त्यांना आपल्यावरचा आरोप कळणार, आणि तोही ढोबळपणे. परक्यासाठी यंत्र भाषांतर करून देतं. आरोपीला तरी मूळ मजकूर त्याच्या भाषेत मिळायला हवा. मराठीत लिहिताना माणूस थोडा जपून लिहितो असंही माझं निरीक्षण आहे. बाईंच्या तोंडावर जे म्हणवणार नाही ते मराठीत टाइप करतानाही हात अडखळतो.

तुमच्या रोजच्या वाटेवर अशा चार-पाच जागा असतील ज्यांच्यावर तुम्ही वर्षानुवर्षं विसंबून आहात आणि ज्यांच्या पानावर एकही धड रिव्ह्यू नाही: गिरणी, शिंपी, चपला शिवणारा, डब्याच्या काकू, मिक्सर दुरुस्त करणारा. त्यांच्यापैकी एकाबद्दल या आठवड्यात लिहा. काय काम करून घेतलं, किती दिवस लागले, किती पैसे पडले, काय खटकलं, एवढं मराठीत लिहा. आणि तीन स्टारचं काम असेल तर ओळखीपोटी पाच देऊ नका.